जोल काढू नका

आधी एक सांगून ठेवते. आमच्या घरात कधी कोणाची दृष्टसुद्धा काढलेली नाही. लग्नाआधी मी सहा वर्षं नागपूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही... तिथे हेच शिकले. लोकांचे असले अनुभव मी वाचायचे, पण जेवता जेवता पेपर चाळावा तसे. माझ्यावर विश्वास ठेवा असा आग्रह नाही. घडलं ते क्रमाने लिहिते, एवढंच.

माझे यजमान – प्रशांत – एका सरकारी बँकेत आहेत. तीन वर्षांपूर्वी बदली झाली आणि आम्ही कोलकात्याला आलो. बेहालाला राहतो. इथे मराठी माणसं मोजकीच, त्यामुळे गणपतीत सगळ्यांची ओळख होते. तशीच सुलभाताईंची झाली. त्या माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. राहायला डमडमला.

त्यांची मुलगी सानिका. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, एकुलती एक, जन्म इथलाच. बारा वर्षांपूर्वी, सात वर्षांची असताना, ती खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे खेळायला म्हणून गेली. पोचलीच नाही. मधे फक्त दोन जिने होते. त्यानंतर काकांनी दोनदा बदली नाकारली. रिटायर झाल्यावरही दोघं पुण्याला परत गेले नाहीत. पोरगी आली तर तिला घर सापडलं पाहिजे, म्हणून.

यंदा दुर्गापूजा संपली आणि बातमी आली. दुसऱ्याच कुठल्यातरी प्रकरणात पकडलेल्या एका माणसाने पोलिसांना सानिकाबद्दल काहीतरी सांगितलं होतं, आणि बराकपूरच्या बाजूला एका बंद कारखान्यामागच्या तळ्यात पोलिसांनी शोध सुरू केला होता. पाणबुडे उतरवले होते.

मग सगळे बोलायला लागले. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार माणसं बसून भांडत होती. मासळीवाला मासा कापता कापता बोलायचा. लिफ्टमध्ये शेजारच्या बौदी, म्हणजे वहिनी, विचारायच्या, "किछू पेलो?" – काही सापडलं का? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दिवसभर तेच. बापाचा कोणाशी वाद होता का, आई इतकी शांत कशी दिसते, बारा वर्षांनी आत्ताच का... कोणालाही ती माणसं माहीत नव्हती. मला माहीत होती. ग्रुपवर मी ते कधी बोलले नव्हते.

शोधाच्या तिसऱ्या दिवशी मी सुलभाताईंकडे गेले. काका पोलीस स्टेशनला गेले होते. टीव्ही बंद होता. ताई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, मीही मोडायला घेतल्या.

मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी आंघोळीला गेले होते. रोज दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी केस धुतले."

मी शेंगा मोडत राहिले.

"हे पोलिसांना माहीत आहे आणि ह्यांना. आता तुला सांगितलं." त्यांनी शेंगांची ताटली बाजूला सरकवली. "केस धुतले म्हणून अर्धा तास लागला, वैशाली."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. जेवून निघाले.

डमडमहून काळीघाटपर्यंत मेट्रो आणि पुढे बेहालापर्यंत बस, असा माझा रस्ता. दोन-सव्वादोन वाजले असतील. डब्यात गर्दी नव्हती. मला बायकांच्या सीटवर कोपऱ्याला जागा मिळाली. शेजारची जागा रिकामी होती, तिथे मी पिशवी ठेवली. फोन काढला. ग्रुपवर नुकतंच कोणीतरी लिहिलं होतं – पण त्या वेळी आई काय करत होती?

मी टाइप करायला लागले.

मधे कधीतरी पिशवी मी मांडीवर घेतली असणार, कारण शेजारी एक मुलगी बसली होती. मला दिसले ते फक्त पाय. खाली टेकत नव्हते. तपकिरी सँडल, एका गुडघ्यावर सुकलेली खपली. पाय हलवत होती ती, मुलं हलवतात तसे.

"काकू," ती म्हणाली, "त्यांना सांगा ना, जोल काढू नका म्हणून. मासे मरतात."

"हो, सांगते हं," मी म्हणाले. स्वतःच्या मुलांना आपण म्हणतो ना, हातातलं काम न सोडता – तसं. आणि मेसेज पाठवला.

काय पाठवला तेही लिहिते. लिहिलं होतं – ती बाथरूममध्ये केस धूत होती, मला आतून कळलंय.

दोन स्टेशनं गेली. लोक चढले, उतरले. मग माझ्या लक्षात आलं की आपल्याशी कोणीतरी मराठीत बोललं, फक्त पाण्याला बंगालीतलं जोल म्हणून. मी मान वर केली. शेजारची जागा रिकामी होती.

समोर एक कॉलेजची मुलगी होती. तिला विचारलं, "यहाँ बच्ची बैठी थी, वो कहाँ उतरी?" तिने कानातली वायर काढली. "मैंने देखा नहीं, दीदी." तीही फोनमध्येच होती.

मला भीती वगैरे वाटली नाही. काहीच वाटलं नाही. असेल कोणाची तरी, आईबाप डब्यात पुढे उभे असतील, असं मनाशी म्हटलं. काळीघाटला उतरले, बस पकडली, घरी येऊन मशीन लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांत चहा घेत होते, टीव्ही चालू होता. तळ्याच्या काठावर तीन मोठे पंप लावलेले दाखवत होते. गाळामुळे पाणबुड्यांना काही दिसत नाही, म्हणून सगळं पाणी उपसणार होते.

मी उभ्या उभ्या बघत राहिले. दुपारपर्यंत पाणी घोट्याएवढं झालं. चिखलात मासे तडफडत होते. आजूबाजूचे लोक बादल्या, घमेली घेऊन उतरले, पोलिसांनी त्यांना हाकललं, ते परत आले. विसर्जन केलेल्या मूर्तींचे बांबूचे आणि पेंढ्याचे सांगाडे वर आले. त्यातल्या एका लहान सांगाड्यावरून चॅनेलवाल्यांनी बराच वेळ आरडाओरडा केला. मग तो देवीचा निघाला. बाकी काही नव्हतं.

संध्याकाळी प्रशांतना मेट्रोतलं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, आदल्या दिवशीच कुठेतरी बातमी असेल. त्या पोरीने ऐकली असेल."

मी काकांना फोन केला, वेगळंच काही विचारता विचारता हेही विचारलं. काका म्हणाले, "पाणी काढायचं संध्याकाळी ठरलं. आम्हाला रात्री आठला सांगितलं." मी मेट्रोत होते ती वेळ दुपारची.

चार दिवस गेले. मग डमडमला गेले. का गेले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आत ठेवता येईना, एवढं खरं.

सुलभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "पाणी म्हणाली की जोल म्हणाली?"

"जोल."

"नीट आठव."

"जोलच म्हणाली, ताई."

"ती पाणी म्हणायचीच नाही. बंगाली शाळा, बंगाली मैत्रिणी... मी ओरडायचे. घरात तरी मराठी शब्द वापर म्हणायचे." मग विचारलं, "केवढी होती?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. येताना सगळ्या रस्त्यात माहीत होतं. सानिका आज जिवंत असली तर एकोणीस वर्षांची असणार, सातची नाही. मी खोटं बोलू शकले असते.

"सीटवर बसली होती," मी म्हणाले. "पाय खाली टेकत नव्हते."

काका खिडकीशी उभे होते. ते आतल्या खोलीत गेले.

सुलभाताई हलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चेहरा कसा होता?"

"मी पाहिला नाही."

"शेजारी होती ना?"

"मी फोन बघत होते, ताई."

"एवढं काय होतं फोनवर?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उठून माझ्यासाठी चहा टाकला. मी तो प्यायले.

त्यांना ते मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे. मेसेज मी त्याच रात्री काढून टाकला होता, पण तोवर दोघांनी तो पुढे पाठवला होता.

पोलिसांनी शोध थांबवला. त्या माणसाने जबाब बदलला म्हणे. आठवड्याभरात टीव्हीवर दुसरा विषय आला आणि लिफ्टमधल्या बौदी सिलिंडरबद्दल बोलायला लागल्या. महिन्याभराने काकांचा फोन आला – फ्लॅट सोडतोय, पुण्याला भावाकडे जाणार. मी हावड्याला गेले होते पोचवायला. सुलभाताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. आता वाट बघायची नाही." गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून प्लॅटफॉर्मकडे बघत नव्हत्या, समोर बघत होत्या.

प्रशांत म्हणतात, विषय संपला. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. पाणी उपसायचं ठरायच्या आधी एका मुलीला ते कसं कळलं, ते मला सांगता येत नाही. पण आणखी एक गोष्ट आहे, तीच दिवसभर डोक्यात राहते. या शहरात मराठी बोलणारी पोरं आहेत. इथे वाढलेली सगळीच थोडं बंगाली मिसळून बोलतात, माझीही बोलतात. ती कोणाचीही असू शकते. पुढच्या स्टेशनला आईचा हात धरून उतरून गेली असेल, आता कुठल्यातरी शाळेत दुसरीत बसली असेल.

आणि मी एका बाईला जाऊन सांगितलं की तुमची मुलगी सातच वर्षांची आहे.