उणे सहा शेर डाळ

आमच्या बाई रडणाऱ्या पोरीला जवळ घेत नसत. तिच्या हातात खडू देत. "आधी मांड, मग रड," म्हणायच्या. चप्पल तुटली, मांड. वही संपली, मांड. किती हवं ते लिही, किती आहे ते लिही, आणि जे ठाऊक नाही त्याला क्ष म्हण. पोरगी नाक ओढत मांडायला लागे आणि अर्ध्यात रडायचं विसरून जाई. बोर्डिंगातल्या आम्ही वीसजणी त्यांना पाठीमागे क्षबाई म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलंच. "अज्ञाताचं नाव मला कशाला गं?" म्हणाल्या. "मी काय तुम्हाला अजून कळले नाही होय?"

हे बोर्डिंग सोलापुरातल्या काही दानशूर मंडळींनी गरीब मुलींसाठी काढलं होतं. मंडळींची नावं मी लिहीत नाही. फुकट जाहिरात कशाला? दाराशी संगमरवरी पाटीवर ती कोरली आहेत, तेवढी पुरे. कोण किती दानशूर हे तिथल्या अक्षरांच्या उंचीवरून कळे. आमच्या ताटावरून काही कळत नसे.

धान्याला आठवड्याचे पाच रुपये मिळत. ज्वारी आण्याला शेर, तूरडाळ दोन आण्यांना. दोन्ही मिळून सत्तर शेर लागत. बाजाराच्या आदल्या दिवशी बाई एकीला फळ्यापाशी उभी करत. डाळ क्ष शेर, तर ज्वारी सत्तर वजा क्ष. ज्वारीचे आणे अधिक डाळीचे आणे, बरोबर पाच रुपयांचे ऐंशी. क्ष आला दहा. म्हणजे दहा शेर डाळ, साठ शेर ज्वारी. भाव हलला की क्ष हलायचा, आणि पोरी बाजाराआधीच ओरडायच्या, "ह्या आठवड्याला आमटी पातळ गं!"

स्वयंपाकाला मैंदर्गीची गिरिजव्वा होती. महिनाभर हे ऐकून तिनं एक दिवस कमरेवर हात ठेवले. "बाई, ह्यो क्ष कोण हाय वो? रोज त्येचंच नाव. जेवायला तर कदी दिसत न्हाय. त्येच्या भाकरी धरू का नको?"

"भाकरी नको. डाळ किती घ्यायची ते तो सांगतो."

"आन् सोता काय खातो?"

"ह्या पोरींचं डोकं."

मग मंदी आली. म्हणजे आमच्यावर आली. रावसाहेबांच्या अंगरख्यावर तिची एक सुरकुती दिसली नाही. हे रावसाहेब मंडळींचे अध्यक्ष. वर्गातच खुर्ची टाकून बसले आणि पाचाचे चार रुपये केल्याचं सांगून टाकलं. वर म्हणाले, "पण सत्तर शेरांत कमी करायचं नाही हं. आमच्या मुली उपाशी असतात असं गावात कुणी म्हणता कामा नये. काटकसर करा." काटकसर हा उपदेश मी आजवर भरल्या पोटाच्या तोंडूनच ऐकलेला आहे.

बाईंनी मला उठवलं. "मांड."

चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. सत्तर वजा क्ष, अधिक दोन क्ष, बरोबर चौसष्ट. उत्तर लिहिलं आणि घाबरले. "बाई, चुकलं का हो?"

"नाही. मोठ्यानं वाच."

"उणे सहा शेर डाळ."

"म्हणजे काय?" रावसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे नुसती ज्वारी घेतली तरी सहा आणे कमी पडतात," बाई म्हणाल्या. "सत्तर शेर हवेतच, तर दर आठवड्याला मुलींनी सहा शेर डाळ उलट दुकानात नेऊन द्यायची."

गिरिजव्वा दारातून म्हणाली, "आन् ती पिकवायची कुटं? त्या फरशीच्या पाटीवर?"

मागं हसू फुटलं. रावसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाई, तुमच्या गणितात चूक आहे."

"गणित तुमचं आहे, रावसाहेब. आम्ही नुसतं सोडवलं."

पुढच्याच आठवड्यात पाच रुपये पुन्हा सुरू झाले. आम्ही नाचलो. महिनाअखेर बाईंना कामावरून काढलं. कारण विचारलं तर, काटकसर.

टांग्यात त्यांची पेटी चढवताना मी संतापानं रडत होते. "बाई, मी ह्यांच्या नावानं पत्रक छापीन."

"छाप की. पण 'राक्षस', 'नराधम' असलं काही लिहू नकोस. शिव्यांना त्यांच्याकडे उत्तर असतं. वीस मुली, सत्तर शेर, चार रुपये, एवढंच लिही."

आज पत्रकं छापणं हाच माझा उद्योग झाला आहे, पण ते मला अजून पुरतं साधलेलं नाही. वर 'दानशूर' लिहून बसलेच ना.

बाईंच्या जागी अर्ध्या पगारावर एक मास्तर आले. ते आंब्यांची आणि पेरूंची उदाहरणं घालायचे. उत्तर दरवेळी गोजिरवाणं, पुरून उरणारं. एक दिवस मी उभी राहिले. "मास्तर, उणे आलं तर?"

"तसली उदाहरणं परीक्षेत येत नाहीत. बस खाली."

मी मागं वळून पाहिलं. एकोणीसजणींनी माना पाटीत घातल्या होत्या. स्वयंपाकघरातून डाळ शिजल्याचा वास येत होता. मीही बसले.