परतण्यापुरती हवा

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. चौकातल्या पंक्चरच्या दुकानात पस्तीस वर्षं बसलेल्या माणसाला पहिल्यांदा मामा कोण म्हणालं, हे कुणाला आठवत नाही. पण एकदा चिकटलं ते चिकटलं, आणि त्यांच्या बायकोचीही आपोआप मामी झाली. दुकान म्हणणंही तसं कौतुकाचंच. एक शटर, आत दोन माणसं शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी जागा, काळवंडलेल्या पाण्याचा टब, खिळ्यांना लटकलेल्या ट्यूबा आणि मामांच्या बुडाखाली एक लाकडी पाट. त्या पाटावरून दिवसातून चाळीसदा उठायचं, चाळीसदा बसायचं. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते, पण गुडघ्यांना विचारतो कोण.

मामांची ख्याती मात्र मोठी. ट्यूब टबात घालायच्या आधीच ते ओल्या गालाजवळून फिरवत आणि अंगठा ठेवून म्हणत, इथे. टबातले बुडबुडे फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मुलगी नोकरीत स्थिरावली तेव्हापासून बाबांच्या मागे लागली होती, की आता बास झालं, घरी बसा. मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्या दिवशी छिद्र सापडणार नाही, त्या दिवशी शटर ओढेन." हे ते मुलीला म्हणाले, जावयाला म्हणाले, शेजारच्या न्हाव्याला दहा वेळा म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच त्यात अडकले. कारण आता त्यांना खरोखरच झेपत नव्हतं. दमलेला माणूस झोपून उठला की हुशारतो. मामा सकाळी उठायचे तेच थकलेले. पण छिद्र मेलं रोज सापडत होतं, आणि शब्द फिरवणाऱ्यांतले मामा नव्हते.

रबरी बोट दुकानात आली तीही दुरुस्तीलाच. कुणीतरी तळाला तीन भोकं पडलेली बोट आणून टाकली, मामांनी ती जोडली, आणि मालक काही परत फिरकला नाही. दोन वर्षं ती घडी घालून कोपऱ्यात पडली होती. एका दुपारी डबा घेऊन आलेल्या मामी तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, की ही आपण एकदा पाण्यात तरी घालून बघू. मामी एका लॉजच्या चादरी धुवायच्या. आयुष्यभर पाण्यात हात, पण पाण्यावर कधी गेल्या नव्हत्या.

तेव्हापासून सहा वर्षं, दीड-दोन महिन्यांतून एकदा, दोघं जायची. एका पिशवीत बोट, दुसरीत जुना तंबू, तिसरीत डबा आणि चहाचं सामान. बसने तलावापर्यंत, तिथे पायपंपाने बोट फुगवायची आणि तासभर वल्ही मारत पलीकडच्या काठाला लागायचं. त्या काठाला रस्ता नव्हता. एक रात्र तंबूत काढून सकाळी परत. लोकांना वाटे, म्हातारा-म्हातारीला या वयात भलतंच खूळ लागलंय. खुळाचं कारण साधं होतं. ज्या काठाला रस्ता नाही तिथे चाक नाही, आणि चाक नाही तिथे "मामा, जरा हवा बघता का" म्हणणारं कुणी नाही.

या खेपेला बस वाटेत बंद पडली. एरवी सकाळच्या गारव्यात फुगवायची ती बोट भर दुपारी दोन वाजता, तापलेल्या खडकांवर फुगवावी लागली. मामांनी ती सवयीप्रमाणे टणक भरली. टिचकी मारली की वाजली पाहिजे, हा त्यांचा नियम. तासाच्या वाटेला त्या दिवशी दोन तास लागले. वाऱ्याचा जोर होता, आणि मामा मध्येच वल्हं मांडीवर ठेवून नुसते बसून राहत. मामींनी एकदा वल्हं मागितलं. त्यांनी दिलं, एरवी देत नसत.

पलीकडे पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि बोट मऊ पडली होती. मामांनी ती काठावर ओढली, कडेवर अंगठा दाबला, तर अंगठा पेराएवढा आत गेला. त्यांनी तंबू लावायचं काम मामींवर सोडलं आणि छिद्र शोधायला बसले. आधी नुसत्या बोटांनी, मग गाल ओला करून, मग मामींच्या साबणाचं पाणी करून सगळ्या शिवणींवरून. एक फेरी झाली, दुसरी झाली. तळ पालथा केला, व्हॉल्वची झाकणं तपासली, स्वतःच जोडलेले तिन्ही पॅच नखाने खरवडून पाहिले. बुडबुडा म्हणून नाही. बाजूला तंबू उभा राहिला, चहा झाला, चहाचा निवून थंडगार काढा झाला, तरी मामा त्या बोटीला गाल लावून बसलेले.

शेवटी ते उठले. उठताना मामींचा हात धरावा लागला.

"सापडत नाही," ते म्हणाले.

मामींनी विचारलं, "मग?"

"मग काय. शटर ओढायचं. बोललो होतो ना."

मामींनी मान हलवली आणि डबा उघडला. मामांना वाटलं होतं, हे म्हणताना आपल्याला रडू येईल. घासही उतरणार नाही. झालं उलटंच. दोन पोळ्या जास्त गेल्या, आणि पाठ टेकताच त्यांना जी झोप लागली तशी गेल्या कित्येक वर्षांत लागली नव्हती. पाटावरून पुन्हा उठायचं नाही, एवढाच काय तो शेवटचा विचार त्यांना आठवत होता.

जाग आली तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. मामी शेजारी नव्हत्या. तंबूच्या फटीतून मामांनी पडल्या पडल्या बाहेर पाहिलं. बोट उन्हात उभीच्या उभी फुगली होती. कडा तटतटलेल्या, सुरकुती म्हणून नाही. बघूनच कळत होतं, टिचकी मारली तर वाजेल.

उन्हात हवा फुगते, गारव्यात बसते. उन्हाळ्यात टायर गच्च भरू नका म्हणून हीच गोष्ट ते पस्तीस वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत आले होते. डबा घेऊन आलेल्या मामींनाही ती पाठ झाली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. छिद्र नव्हतंच, तर सापडणार कुठून? म्हणजे हाताची बोटं ठीक होती, गाल ठीक होता. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मामांना मात्र डोळ्यांसमोर पाट दिसला, आणि त्यांचं सगळं अंग जड झालं. उद्या पुन्हा आठ वाजता शटर वर. छिद्र सापडतंय तोवर.

तेवढ्यात मामी पाण्याकडून आल्या. बोटीपाशी थांबल्या. त्यांनी कडेवर तळवा ठेवला, दाबून पाहिलं, तळवा आत जाईना. मग त्यांनी तंबूकडे पाहिलं. मामांनी डोळे मिटून घेतले.

मग तो आवाज आला. बारीक, लांबलेला, दाबून धरलेला. व्हॉल्वच्या तोंडावर अंगठा ठेवून हळूहळू हवा सोडताना येतो तो. मामांनी हा आवाज जेवढा ऐकला होता तेवढा स्वतःच्या मुलीचाही ऐकला नसेल. चोराला चोरी लपवता येऊ नये असा आवाज. मध्ये आवाज थांबला. मामी बहुधा दाबून अंदाज घेत असाव्यात. मग पुन्हा सुरू झाला आणि अखेर थांबला. झाकण लावल्याचाही आवाज आला.

"अहो," मामींनी तंबूत डोकं घातलं. "बोट पुन्हा बसलीय. तुम्ही काल म्हणालात ते खरंच."

मामांनी डोळे उघडले. मामींचा उजवा अंगठा वळ उठून पांढरा पडला होता. त्यांनी तो लगेच पदरात घेतला. मामांना वाटलं, तो हात धरावा आणि सगळं सांगून टाकावं. पण सांगितलं तर पाट होताच.

"हो," ते म्हणाले. "आता मला नाही जमत."

"कळवते मग पोरीला."

"कळव."

मामींनी पायपंप उचलून त्यांच्यापुढे ठेवला. मामा उठून बाहेर आले आणि नळी लावून त्यांनी पंपावर पाय ठेवला. चार-पाच दाब झाल्यावर सवयीने टिचकी मारायला त्यांचं बोट वर गेलं.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "परतण्यापुरती भरा."