मंडईची पाहुणी

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतर थोड्याच वर्षांनी माझी भंडाऱ्याला बदली झाली. चाळिशी उलटलेली, लग्न न केलेली, आईवडील गेलेले. अशा बाईची बदली करणं ऑफिसला सोपं जातं, कारण साहेबांपुढे रडायला कुणी येत नाही. भाड्याची खोली मिळाली, टेबल मिळालं, शेजारी बरे मिळाले. उरला तो रविवार. त्याचं करायचं काय, म्हणून मी एक जुना, रोलचा कॅमेरा विकत घेतला.

लोकांना वाटायचं, बाईंना कलेची भारी आवड. कसली कला! मला माणसांत उभं राहायला निमित्त हवं होतं. बाजारात एकटी बाई नुसती उभी राहिली की लोक वळून वळून बघतात. तिच्या गळ्यात कॅमेरा असला, की असेल काही काम म्हणून सोडून देतात. पितळी भांड्यांच्या दुकानांसमोर, एसटी स्टँडवर, पवनीला वैनगंगेच्या घाटावर मी अशी तासन्‌तास उभी राहिले. फोटो बरे यायचे. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना मात्र ध्यानात यायचं, की दिवसभरात आपण ‘एक भंडारा द्या’ एवढंच कंडक्टरशी बोललो.

त्या दिवाळीला भावानं कळवलं, आम्ही सगळे हिच्या माहेरी जातोय, यंदा येऊ नकोस. त्याचं चुकलं असं नाही. पण भाऊबीज खोलीत बसून काढली आणि फार वाईट वाटलं. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, मंडई बघा की, फोटोला झकास. दिवाळी झाली की इकडे एकेका गावात मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार म्हणजे इकडचा लोकनाच रंगतो, रात्री नाटक होतं. मी सानगडीच्या बाजूचं एक गाव निवडलं आणि सकाळच्या गाडीनं निघाले.

मला कुणी सांगितलं नव्हतं ते एवढंच, की मंडईला कुणी नुसतं जात नाही. कुणाच्या तरी घरी जातं. लेकी, जावई, व्याही, साडू, झाडून सगळे येतात आणि घराघरांत पंगती उठतात. त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावते न लावते तोच कुणीतरी विचारायचं, कोणाकडे आल्या? बांगडीवालीनं विचारलं, पानवाल्यानं विचारलं. फोटो काढायला आले म्हटलं की पुढचा प्रश्न, कोणत्या पेपरात येतील? कुठेच नाही म्हटलं की ते माझ्याकडे असे बघत, जसं काही मी जेवणाच्या पंगतीत येऊन नुसतं पाणी मागितलं. दुपारपर्यंत माझं डोकं भणभणलं. या सगळ्या गावात आज आपल्याला एकही दार नाही, हे कुणी इतक्या वेळा तोंडावर म्हणू नये.

त्यात दंडारीजवळ खांद्यावर दुपट्टा टाकलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तेच विचारलं. "तुमी कोनाच्या घरी आल्या जी?"

मी चिडून हात केला आणि समोरचं हिरव्या दाराचं घर दाखवलं. "त्या घरी."

बाबांनी घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "माहंच घर होय ते. चाला मंग. जेवाचा टाइम झाला, इकडं काहून फिरून राहिल्या?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ते पुढे चालू लागले होते आणि मी मुकाट्यानं मागे गेले. घरात त्यांनी बायकोला पाहुणी आली एवढंच सांगितलं. आजींना वाटलं, मी सुनेच्या माहेरची. सुनेला वाटलं, नणंदेच्या सासरची. नणंदा म्हणाल्या असतील, आपल्याला काय ठाऊक, असेल कुणाची तरी. पानावर बसलेल्या पाहुणीला तू कोण म्हणून विचारायची त्या घरची रीत नव्हती. लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पानात पडत राहिले, कुणीतरी पुरे म्हटलं तरी वाढलं, एका पोरीनं माझ्या मांडीवर आपलं तान्हं ठेवलं आणि ती हात धुवायला गेली. मी सुखावले होते. खोटी का होईना, पण मी तिथे होते.

जेवणं उरकल्यावर कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं आणि सगळ्यांचा एक फोटो हवा असं ठरलं. अंगणात बाज टाकली. बाबा आणि आजी बाजेवर, पोरं खाली, लेकी-जावई मागे दाटीवाटीनं उभे. मी चौकट बघत होते आणि मला एकाएकी त्या चौकटीत जावंसं वाटलं. इतकं, की लाजच वाटली.

"यात बटण दाबून पळत येऊन बसायची सोय आहे," मी म्हटलं. सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

आजी हसल्या. "मशीनचा काय भरोसा जी? तुमीच काढा. घरचे सारे आले पायजे फोटोत."

बोलणं खरंच होतं. मी पुन्हा कॅमेऱ्यामागे गेले. आता फोटो तरी चांगला यावा म्हणून माझी कटकट सुरू झाली. बाजेवर बाबांच्या उजव्या बाजूला मोकळी जागा राहिली होती, त्यानं सगळी मांडणी बिघडत होती. बाबा, मधे सरका, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, सरकले नाहीत. पुन्हा म्हटलं. पुन्हा मान हलवली. कानानं कमी असतील म्हणून मी नाद सोडला आणि बटण दाबलं.

आठवड्यानं रोल धुऊन आला. स्टुडिओच्या काउंटरवर उभ्या उभ्याच पाकीट उघडलं. बाकी सगळे हसत होते. बाबा तेवढे हसत नव्हते, सरळ माझ्याकडे बघत होते. शेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांनी पंजा पसरून ठेवला होता, एसटीत आपल्या माणसासाठी जागा धरतात तसा.

स्टुडिओवाल्यासमोर मला रडू आवरेना. त्यांनी माझ्यासाठी जागा धरली होती, आणि मी त्यांना सरका म्हणत होते.