हुपरीकरांचं पांढरं दार

आमचे भाऊजी, बिंदुमाधव हुपरीकर, यांच्यापुढे "काय उकडतंय हो आज!" असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच उठून भिंतीवरच्या थर्मामीटरपाशी जात, चष्मा नीट करत आणि सांगत, "साडेएकतीस. मागच्या मंगळवारी याहून जास्त होतं." म्हणजे तुम्हाला उकडतंय हीसुद्धा तुमचीच चूक. कुणी म्हटलं, "बत्तीस म्हणा की, अर्ध्यानं काय होतंय?" तर ते त्या माणसाकडे खिसेकापूकडे बघावं तसं बघत. माझ्या बहिणीनं, विद्याताईनं, अशा माणसाबरोबर उभा जन्म काढला. तोही बंगळूरमध्ये, जिथं मराठीतून मन मोकळं करायला तिला जवळ एक मीच होते.

भाऊजी सरकारी प्रयोगशाळेत होते. काम एकच, कुठल्या वस्तूतून किती उष्णता आरपार जाते ते मोजायचं. लाकूड, काच, बूच, नारळाचा काथ्या, सगळं त्यांनी मोजलं. ते अहवाल लिहायचे, साहेब सही करायचे आणि अहवाल कपाटात जायचा. तेहतीस वर्षांत त्यांच्या अहवालावरून कुणी साधी टोपीसुद्धा बनवली नाही, असं मी त्यांना चिडवायची. एकदा मात्र ते चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, "रिटायर व्हायच्या आत एक तरी वस्तू व्हायला पाहिजे. कुणीतरी ती वापरून म्हणायला पाहिजे, हो, गार आहे." त्या दिवसापासून मी टोपीचा विनोद बंद केला. बाकीचे चालू ठेवले.

पंचाण्णव साली बनशंकरीत त्यांनी घर बांधायला काढलं. साइट नेमकी पश्चिमेकडे तोंड करून होती. दुपारी दोनपासून सूर्य पुढच्या दारावर जो येऊन बसायचा, तो संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. दुसऱ्या कुणी दारापुढे पडवी काढली असती, एखादं बदामाचं झाड लावलं असतं. भाऊजींनी दाराचा अभ्यास सुरू केला. लोखंडी दार तापतं म्हणून बाद. साधं फळ्यांचं दार फटींतून गरम वारा आत सोडतं म्हणून बाद. सागवानी दार चांगलं, पण गडद पॉलिश ऊन पितं म्हणून तेही बाद. दोन महिने ताई विचारत होती, "अहो, घराला दार बसणार आहे का नुसतं भोकच?"

शेवटी दार ठरलं. बाहेरून एक फळी, आतून एक फळी, मध्ये चांगला दोन इंच थर्मोकोल. चौकटीला चारी बाजूंनी फ्रिजच्या दाराला असते तसली चुंबकाची रबरी पट्टी. खाली फट नाही, पत्र टाकायला भोक नाही. बाहेरून रंग पांढरा, ऊन परतवायला.

सुतार होता संताजीराव. बंगळूरच्या जुन्या मराठा घराण्यातला, मराठीत कानडी कालवून बोलणारा. त्यानं भाऊजींनी काढलेलं दाराचं चित्र उभं-आडवं करून बघितलं.

"अण्णा, हे दार हाय का फ्रिज?"

"दोन्ही," भाऊजी म्हणाले.

"सरी. करून देतो. पण घरात माणसं राहणार की भाजी? स्वल्प विचार करा."

विचार करायचं काम भाऊजींच्या मते झालं होतं. दार बसलं. बंद करताना थप्प असा आवाज व्हायचा आणि बाहेरचं जग संपायचं. रिक्षा नाही, कुत्री नाही, काही नाही. समोरच्या घरातल्या भाग्यलक्ष्मी अक्का पहिल्याच दिवशी येऊन चौकशी करून गेल्या, की इथं दवाखाना कधी सुरू होणार. दुसऱ्या दिवशी एक खोकणारे आजोबा पायरीवर येऊन बसले. ताईची मान खाली गेली. भाऊजींनी मात्र आजोबांना बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक समजावून सांगितला. आजोबा खोकायचे थांबले.

खरी कसोटी वास्तुशांतीला होती. प्रयोगशाळेतली झाडून सगळी मंडळी जेवायला येणार होती. भाऊजींनी आत एक, बाहेर एक असे दोन थर्मामीटर टांगले. भीमाचार्यांनी हॉलमध्ये होम पेटवला. अकरा वाजले, बारा वाजले. दार तोरणासकट सताड उघडं, माणसांची ये-जा चालू, आणि आतला पारा बाहेरच्याच्या पुढे. भाऊजी कासावीस झाले. साहेब जेवून निघायच्या आत काही झालं नाही तर ही वस्तूसुद्धा कपाटात जाणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. साडेबाराला त्यांनी एकेक करून खिडक्या लावल्या. कुणाला वाटलं, वाऱ्यानं होम विझू नये म्हणून असेल. मग त्यांनी दार लावलं. थप्प.

पाचच मिनिटांत मला समोरची ताई दिसेना. साठ माणसं, तुपाचा होम आणि ओल्या समिधा. धूर कुठं जाणार? त्याला जायला केसभर फट नव्हती. मंत्रांच्या जागी नुसता खोकला ऐकू येऊ लागला. आणि त्या धुरातून भाऊजींचा आवाज आला, अगदी आनंदी, "बघा साहेब! धूरसुद्धा बाहेर जात नाही!"

भीमाचार्यांनीच पळी टाकून, चाचपडत जाऊन दार उघडलं. साहेब डोळे पुसत पायरीवर गेले आणि तिथूनच गाडीत बसले. गुलाबजामसुद्धा खाल्ले नाहीत. ताईनं त्या दिवशी सांगून टाकलं, "दिवसाउजेडी हे दार बंद होणार नाही. दुपारचं दार बंद म्हणजे घरात कुणी नाही, नाहीतर कुणी गेलंय. मला या गल्लीत राहायचंय."

भाऊजींनी दाराला स्प्रिंग बसवली, म्हणजे ते आपोआप लागेल. ताईनं दाराशी वरवंटा लावला. वर्षभर हे युद्ध चाललं. ते ऑफिसला जाताना वरवंटा उचलून स्वयंपाकघरात ठेवत, ते कोपऱ्यावर वळायच्या आत तो परत दाराशी. दारातून फुलवाली यायची, अक्का यायच्या, ऊन यायचं आणि धूळ यायची. भाऊजी रविवारी खुर्चीत बसून उघड्या दाराकडे बघत राहायचे. मी हसायची. आज त्या हसण्याची लाज वाटते.

सत्त्याण्णवच्या एप्रिलची तीस तारीख, भाऊजींचा शेवटचा दिवस. मी दुपारपासून ताईकडेच होते. चारच्या सुमाराला रिक्षा थांबली. भाऊजी उतरले, गळ्यात हार, हातात नारळ, आणि मागून रिक्षावाला दोन मोठी खोकी घेऊन. आम्हाला वाटलं, भेटवस्तू असेल. भाऊजींनी खोकी उघडून दाखवली. त्यांचेच अहवाल होते, तेहतीस वर्षांचे. नव्या माणसाला कपाट रिकामं हवं होतं.

"रद्दीत घालण्यापेक्षा तुम्हीच न्या म्हणाले," ते म्हणाले आणि हार न काढताच खुर्चीत बसले. उन्हाचा पट्टा थेट त्यांच्या पायांवर आला होता. त्यांनी पायसुद्धा मागे घेतले नाहीत.

ताईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग ती दारापाशी गेली, वाकली आणि वरवंटा उचलला. थप्प. मग तिनं दोन्ही खिडक्या लावल्या आणि वरवंटा मांडीवर घेऊन भाऊजींसमोर बसली.

दिवसभर दार उघडं होतं. भिंती तापलेल्या, फरशी तापलेली, आणि आता ती सगळी उष्णता आमच्याबरोबर आत कोंडली गेली होती. हे कळायला मला प्रयोगशाळेत नोकरी करायची गरज नव्हती. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. ताईच्या कपाळावरचं कुंकू ओलं होऊन नाकापर्यंत आलं होतं. बाहेर अक्का हाका मारत असतील तर त्या कुणाला ऐकू येणार नव्हत्या.

दहा मिनिटं झाली. मग ताई म्हणाली, "अहो, गार आहे हो."

भाऊजींनी मान वर केली. तिच्या कपाळाकडे बघितलं, कुंकवाच्या ओघळाकडे बघितलं. मग उठले, थर्मामीटरपाशी गेले, चष्मा नीट केला. मी थर्मामीटरच्या शेजारीच बसले होते, पारा मला स्वच्छ दिसत होता. साडेतेहतीस. ते बराच वेळ तिथं उभे राहिले.

"अठ्ठावीस," भाऊजी म्हणाले.

"मग!" ताई म्हणाली.

भाऊजींची मेहुणी म्हणून इतकी मोठी संधी मला पुन्हा कधी मिळाली नसती. मी नुसती पदरानं मान पुसली. थोड्या वेळानं ताईनं विचारलं, "आता उघडू का?"

"पाच मिनिटं थांब," भाऊजी हार काढत म्हणाले. "मस्त गार झालंय."