हरिभाऊंचा टेकू

आगाशीच्या प्रमोदिनीला तिचे वडील हरिभाऊ कौतुकानं 'आमचा टेकू' म्हणतात. घडाच्या भारानं केळ वाकू लागली की तिला बांबूचा टेकू देतात. घड उतरला की तोच बांबू उपटून पुढच्या केळीला. कुजेपर्यंत तो असाच फिरतो. मला या शब्दाची चीड आहे, आणि त्या चिडीत माझी स्वतःची लाजही आहे.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा प्रमोदिनीची बारावी नुकतीच झाली होती. नऊ वर्षं तिनं आईचं केलं. आई गेल्यावर धाकट्या भावाचं, धवलचं शिक्षण, मग त्याचं लग्न, मग त्याची मुलगी. मधे दोन चांगली स्थळं आली, ती हरिभाऊंनी 'सध्या टेकू हलवता येणार नाही' म्हणून परत पाठवली. यात दुष्टपणा नव्हता. जन्म वाडीत गेलेल्या माणसाला माणसंही वाडीतल्यासारखीच दिसतात. कामचुकार धवलला ते 'नुसता पाला' म्हणत. ऐकून ऐकून सगळं घर तसंच बघायला शिकलं.

गेल्या एप्रिलमध्ये या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं कुणालाही न सांगता जव्हारच्या एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. पत्र आलं : सोमवारी रुजू व्हा, राहायला स्वतंत्र खोली मिळेल. खोलीचं वाक्य तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. आम्ही शाळेत एका बाकावरच्या. आता मी वटारच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून माझ्या शब्दाला तिच्या घरी मान आहे असं तिला वाटतं. हरिभाऊंना सांगायला रविवारी ती मला सोबत घेऊन बसली.

अडचण म्हणाल तर फारशी नव्हती. हरिभाऊंचे गुडघे दुखतात, बाकी माणूस ठणठणीत. धवलची बायको मेघना सातिवलीत नोकरीला जाते, पण दुपारपुरती एक बाई ठेवायची तिची तयारी होती. प्रमोदिनीनं हे सगळं मुद्देसूद पाठ केलं होतं. आणि ऐन वेळी काय म्हणाली?

"भाऊ, आता हा टेकू काढायचा म्हणते."

हरिभाऊंना बरोबर कळलं. ते रागावलेही नाहीत. सुपारी कातरत म्हणाले, "घड उतरायच्या आधी काढला तर केळ मोडते, पोरी."

झालं. केळीपुरतं ते शंभर टक्के खरं होतं. दुपारच्या बाईचा, मेघनाच्या तयारीचा विषयच निघाला नाही. मेघना काही बोलणार, तेवढ्यात प्रमोदिनीच म्हणाली की टेकूला कुठं कुणी विचारतं? सगळे हसले. वर्गात रूपक अलंकार शिकवणारी मीही हसले. 'हरिभाऊ, ती बांबू नाही, तिला जायचंय,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सोमवारी तिनं वसतिगृहाला फोन करून घरची अडचण सांगितली आणि येत नसल्याचं कळवलं. शाळा सुटल्यावर मी गेले तर ती मागच्या पडवीत सुकेळीसाठी वाळवायची पिकलेली केळी सोलत बसली होती. मी चिडूनच विचारलं, सरळ 'मला जायचंय' का नाही म्हणालीस?

"तसं बोलायची सवय कुणाला आहे, एलिना?" ती म्हणाली. "जाऊ दे. घड उतरला की जाईन."

बोलली आणि तिचा हात थांबला. हरिभाऊ मरायची वाट बघायची, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो तिला बोलून झाल्यावर कळला. आतून हरिभाऊंनी चहा मागितला. तिनं तो केला, नेऊन दिला, आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता परत आली.