पाठीवरची राख

समस्त लहानथोर मंडळींस याद्वारे जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत इसम आज वयाच्या पन्नाशीत, पूर्ण शुद्धीवर आणि कोणीही मारहाण केलेली नसताना, एक गोष्ट खरी सांगणार आहे. याआधी ती त्यानं कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही. देवालाही नाही — त्याला ठाऊक असावी असा मला संशय आहे, पण त्यानं विषय काढला नाही, मग मी तरी कशाला काढू?

माझी उलटं चालण्याची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकली असेल. आमगावात कुणाचंही लग्न असो, पंगत बसायला उशीर झाला की लोक मला पुढे करतात. दहा वर्षांचा मी, शाळेपासून घरापर्यंत उलटा चालत गेलो. शेणात पाय, मग कोतवालाच्या बकरीवर बैठक — लोक पोट धरून हसतात. उलटा का चाललास, असं कोणी विचारलंच, तर मी म्हणतो, चड्डी फाटली होती. कधी म्हणतो, पैज होती.

चड्डी शाबूत होती. पैज नव्हती.

मग? — थांबा जरा. मला इथवर यायला चाळीस वर्षं लागली आहेत.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेत नवे गुरुजी आले. पहिल्याच शनिवारी त्यांनी दोरी घेऊन प्रत्येक पोराची ढांग मोजली. जे खेळायचे त्यांची, आणि जे कवायतीच्या तासाला नुसते पाट्या-दप्तरं राखत बसायचे त्यांचीही. गावाला लगेच वास आला. "पोरायच्या टांगा कायले मोजते हा मास्तर? फौजेत भरती करून राहिला काय?" माझा संशय वेगळा होता. आट्यापाट्यांत मी गावचा पहिला गडी. मला वाटलं, हा माणूस माझं काहीतरी काढून घ्यायला आला आहे.

तोवर आमची रीत सोपी होती. दणकट पोरं खेळणार, दुबळी बसणार. एखादं फारच रडलं तर त्याला दूधभात म्हणून घ्यायचं — म्हणजे ते मैदानात धावणार, ओरडणार, पण त्यानं कोणाला शिवलं तरी ते शिवणं नाही. त्याचं काहीच मोजायचं नाही. सगुणा अशी चार वर्षं दूधभात होती. लहानपणच्या तापानं तिचा डावा पाय काठीसारखा राहिला होता. गुडघ्यावर हात दाबत चालायची.

गुरुजींनी दूधभात बंद केला. आट्यापाट्यांत आपल्या रेषेवर उभं राहून, रेषा न सोडता, ओलांडून जाणाऱ्याला शिवायचं असतं. गुरुजींनी एक रेषा आखूड आखली, सगुणाच्या ढांगेच्या मापानं, आणि तिला तिथं उभं केलं. म्हणाले, हिनं शिवलं तर गडी बाद. खराखुरा बाद.

तिच्या बापाला हे पसंत नव्हतं. पोरीचं हसं होईल, ही त्याची धास्ती. शेवटी तो म्हणाला, एक शनिवार पाहतो. तिच्या हातून एक जरी गडी बाद झाला तर रोज खेळवा, नाहीतर पुन्हा तिला मैदानात उभी करायची नाही. आणि खरोखरच येऊन बांधावर बसला.

आम्ही काय केलं असेल? सगळे तिच्याच रेषेवरून निघालो. सोपी वाट ती! चार गडी तिच्या नाकासमोरून निसटले. शेवटचा मी. सगुणा वाकून, एक हात रेषेवर टेकून उभी होती. मला वाटलं, दमली. एरवी मला कशाकशाचा संशय येतो — नेमका तेव्हा आला नाही. मी डावीकडे हूल दिली आणि उजवीकडून सुटलो. तिनं हुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध धपकन हात बसला.

"बाद!" ती ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

मी म्हणालो, "हात नाही लागला."

गुरुजी पार दुसऱ्या टोकाला होते. पोरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. कोणाचं खरं मानतील? तिच्याच बाजूचा एक जण हसला — "हिचा हात ह्याले कायले लागते!"

आणि तेवढ्यात मला तिचा तळहात दिसला. रेषा भातगिरणीतल्या पांढुरक्या राखेनं आखलेल्या होत्या. तळहात पांढरा होता. माझा सदरा निळा होता.

मी चार पावलं मागे सरकलो आणि मोहाच्या झाडाला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा राहिलो. पाठ घासायचीही हिंमत झाली नाही. घासली तर कळेल ना! गुरुजी आले. "खरं सांग. लागला?" मी हसत म्हणालो, "नाही जी." सांगण्याची कला मला तेव्हाही होती.

म्हणून मी उलटा घरी गेलो. आईनं सदरा उतरवला. "काऊन रे, पाठीवर हा पंजा कोणाचा?" म्हटलं, भिंतीला टेकलो होतो. "भितीले बोटं असते काय?" एवढंच म्हणून तिनं सदरा पाण्यात टाकला. पुन्हा कधी विचारलं नाही. तिला काय समजलं होतं, कोण जाणे.

सगुणा सोमवारपासून पाट्या राखायला बसली. वर्ष सरायच्या आत गुरुजींची बदली झाली, आणि दूधभात पुन्हा सुरू झाला. मी पहिला गडीच राहिलो. मध्यंतरी एका लग्नात मी उलट्या चालीची गोष्ट रंगात सांगत होतो, तेव्हा मागे बसलेली एक बाई हसली नाही. तीच होती का? मी मान वळवून पाहिलं नाही.

दहा वर्षांचा होतो, हे मी पुढे करत नाही. खरं-खोटं मला कळत होतं — त्याशिवाय का पाठ लपवली?

एक राहिलं. सगुणानं "ह्याला फिरवा" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिनं आपला तळहात पाहिला. मग झाडाला चिकटलेल्या मला पाहिलं. तिला सगळं कळलं — आणि तिला कळलंय, हे मला कळलं. गुरुजी तिच्याकडे वळले. "सगुणा, तू सांग. लागला होता?" बांधावर तिचा बाप उठून उभा राहिला होता. तिनं तळहाताची राख परकराला पुसली, एकेक बोट करून, आणि एकदम म्हणाली —

"राहू द्या जी गुरुजी, मी दूधभातच बरी आहो."