डाव्या बाजूला बसा

मुलीने आम्हाला इस्पितळातून जवळजवळ हाकलूनच दिलं. "उद्याचा एक दिवस माझ्या तोंडाकडे बघत बसू नका," ती म्हणाली. "तिकिटं काढली आहेत. आल्प्सच्या डोंगरातून जाणारी गाडी आहे, जगभरातून माणसं येतात तिच्यासाठी. जा आणि बघून या."

आदल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिच्या रक्ताच्या कर्करोगावरचा दुसरा उपचारही लागू पडला नाही. खुर्ची ओढून, तिच्याजवळ बसून, हळू आवाजात सांगितलं. त्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळलं. उरलेलं ह्यांच्या तोंडावर वाचलं.

आम्ही पेडण्याची माणसं. हे तुयेच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते, नुकतेच निवृत्त झालेले. मुलगी एकुलती एक. शिकली, झुरिकला प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिने कितीदा बोलावलं, आम्ही बघू बघू म्हणत राहिलो. शेवटी पासपोर्टासाठी पणजीला धावलो ते तिचं दुखणं कळल्यावर.

"मी नाही येत," इस्पितळाच्या दारातच मी ह्यांना म्हणाले.

"जाऊया गो," हे म्हणाले. "तिला रडायचं असेल. आपल्यासमोर ती रडत नाही."

म्हणून आम्ही गेलो. सकाळी तिच्या खोलीवर चपात्या लाटल्या, बटाट्याची सुकी भाजी केली आणि दोघं गाडीत जाऊन बसलो. गाडीची जनेलं पार छपरापर्यंत काचेची होती. आजूबाजूची माणसं दुर्बिणी काढून, एकमेकांना बोटं दाखवून हसत होती. मला त्यांचं हसणं सहन होईना. बाहेर बर्फ होता, बर्फावर ऊन होतं, आणि त्या उजेडाने माझे डोळे दुखायला लागले. माझं माहेर शिरगावचं. तिथे समोरचा डोंगर लोखंडाच्या खाणीसाठी खणून, ट्रकांत भरून नेलेला मी लहानपणापासून बघितला. वाळत घातलेल्या कपड्यांवर त्याची तांबडी धूळ बसायची. हे डोंगर तसेच्या तसे उभे होते, कोणी हात लावलेला नव्हता. मला त्यांचा राग आला. का, ते विचारू नका.

माहेरच्या लईराई देवीला हाक मारावी म्हणून हात जोडले. पण मागायचं काय? ते सगळं मागून झालं होतं, कितीतरी वेळा. मी हात सोडले आणि मांडीवर ठेवले.

थोड्या वेळाने बघते तर हे झोपलेले. आल्यापासून हा माणूस इस्पितळातल्या खुर्चीत ताठ बसून डुलक्या काढत होता. आता तोंड उघडं टाकून, डोकं माझ्या खांद्यावर सोडून, घोरत होता. समोरच्या बाईने बघितलं आणि नजर वळवली. माझ्या खांद्याला मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही. किती दिवसांनी त्यांचं वजन माझ्या अंगावर पडलं होतं. बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच लाज वाटली.

मग बोगदे लागले. एक संपतो न संपतो तोच दुसरा. उजेडात आलो तेव्हा पिशवीतला फोन थरथरला. काढून बघितलं तर मुलीचे फोन येऊन गेलेले, लागोपाठ. ती कधीच असे फोन करत नाही. एकदा करते आणि आम्ही उलट करायची वाट बघते. मी तिचा नंबर लावला. लागेना. ह्यांना हलवून उठवलं, त्यांनी त्यांच्या फोनवरून लावला. पुन्हा बोगदा.

"काय झालं असेल हो?"

गाडी एका लहानशा स्टेशनावर थांबली तशी ह्यांनी पिशवी उचलली, माझं मनगट धरलं आणि आम्ही उतरलो. दार मिटलं. गाडी गेली. लाकडी बाक, घड्याळ आणि बर्फ, दुसरं काही नाही. माणूस नाही.

आता फोन लागला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मी खाली बर्फातच बसले. आपण नसताना गेली, तिने आपल्याला मुद्दाम लांब पाठवलं, एवढंच डोक्यात. ह्यांनी पुन्हा लावला. या वेळी कोणी उचलला, पण आवाज परक्या बाईचा. भाषाही परकी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तसा चेहरा मी त्यांचा आधी कधी बघितला नव्हता, नंतरही नाही.

तेवढ्यात मुलीचा आवाज आला. "बाबा? हाताला सुई लावत होते, म्हणून नर्सने उचलला. तुम्ही फोन का उचलत नाही?"

"तुला काय झालं?"

"मला कुठे काय? डाव्या बाजूला बसा म्हणून सांगायचं होतं. मोठा पूल डाव्या बाजूने दिसतो. दिसला का?"

ह्यांनी गाडी गेली त्या रुळांकडे बघितलं.

"बाबा, पूल दिसला?"

"आम्ही उतरलो गो," हे म्हणाले.

"उतरलात? कुठे?"

ते स्टेशनाचं नाव वाचायला पाटीकडे निघाले, आणि पाय घसरून धाडकन बुडावर आपटले. फोन हातातच. "मेलो गे माये!" असे जोरात ओरडले. तशी फोनमध्ये ती हसायला लागली. तिच्या लहानपणीचं, श्वास अडकेपर्यंतचं ते हसणं. हेही बसल्या जागी हसले. मी त्यांना उठवायला गेले ती स्वतःच घसरले, आणि दोघांच्या हसण्यात मला रडू कधी फुटलं ते समजलंच नाही.

पुढची गाडी यायला वेळ होता. बाकावर बसून आम्ही चपाती-भाजी खाल्ली. मला कडकडून भूक लागली होती. फोन मध्ये ठेवला होता, आणि ती विचारत होती तसं हे सांगत होते: झाडं कसली, घरांची छपरं कशी, ओढा वाहतो की गोठलेला. एरवी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा माणूस. पूल आम्ही बघितलाच नाही.

संध्याकाळी इस्पितळात गेलो तर तिचे डोळे सुजलेले होते. ह्यांचा अंदाज खरा होता. तिने ह्यांना पडल्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली, मग नर्स आली तेव्हा पुन्हा, करून दाखवून. पुढे बोलणं कमी झालं तरी बोटाने खूण करून ती तेच मागायची.

उन्हाळा लागायच्या आधी ती गेली.

अस्थी घेऊन आम्ही पेडण्याला परतलो आणि तेरेखोल नदीत सोडल्या. शेजारीपाजारी येऊन बसतात, बोलायला विषय नसतो, म्हणून विचारतात, तिथे काय काय बघितलं? हे उठून अंगणात जातात. मी म्हणते, एक दिवस आगगाडीने गेलो होतो. आणि चहा ठेवायला आत जाते.